अज्ञानाच्या वतीने

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी कीर्तनात किंवा लहानपणीच्या एखाद्या कथासंग्रहात ऐकली-वाचली असेल; परंतु ती मुळात एका उदररोगाची कथा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. हरिश्चंद्राने पुत्रप्राप्तीसाठी वरुणाला शब्द दिला होता, की मुलगा होताच तो तुलाच अर्पण करीन. मुलगा झाला, आणि मग बापाने मुदती मागण्यास आरंभ केला. मुलाला दात येऊ देत. आलेले दात पडू देत. पुन्हा येऊ देत. कवच पेलण्याइतका मोठा होऊ दे. न्यायालयात तारखा घेणाऱ्या पक्षकारांना हा भाग विशेष ओळखीचा वाटेल. अखेर राजपुत्र रोहित धनुष्य घेऊन रानात निघून गेला आणि वरुणाने राजाला गाठले. राजाचे पोट फुगले. त्याला जलोदर झाला.

पुढे सहाव्या वर्षी रोहिताला रानात अजीगर्त नावाचा ऋषी भेटला. तो उपासमारीने गांजलेला होता आणि त्याला तीन मुलगे होते. रोहिताने शंभर गाई देऊ करून एक मुलगा मागितला. बाप थोरल्याला सोडीना, आई धाकट्याला सोडीना. म्हणून मधल्या शुनःशेपावर दोघांचे एकमत झाले. यज्ञाची सिद्धता झाली. विश्वामित्र, वसिष्ठ, जमदग्नी यांच्यासारखे ऋत्विज होते, पण मुलाला यूपाला बांधावयास कोणी पुढे येईना. आणखी शंभर गाईंवर ते काम बापानेच पत्करले. वध करावयासही कोणी मिळेना. तेही आणखी शंभरांवर बापानेच स्वीकारले आणि तो शस्त्राला धार लावीत पुढे आला. तेव्हा मुलाने एकेका देवाची स्तुती आरंभिली. शेवटी उषेचे स्तवन चालू असताना त्याचे पाश एकामागून एक गळून पडले, आणि जसजसे ते गळले तसतसे राजाचे पोट ओसरत गेले.

राजा बरा झाला तो मुलाच्या सुटकेने, हा या कथेतील सर्वांत विलक्षण भाग होय. पण विधिव्यवसायातील माणसाची दृष्टी दुसऱ्याच गोष्टीवर खिळते. या सर्व व्यवहारात कायदेशीर उणीव कोणती होती? पालकांची संमती होती. मोबदला ठरलेला व दिलेला होता. प्रयोजन उदात्त होते, कारण राजाचे प्राण म्हणजे प्रजेचे कल्याण. विधी जाणकारांच्या देखरेखीखाली चालला होता. आणि तरीही ज्याने ही कथा प्रथम सांगितली, त्याच्या मनात अजीगर्ताविषयी तिरस्काराखेरीज काही नव्हते, हे वाचणाऱ्याला स्पष्ट कळते.

कथेतील राजाचे आधुनिक निदान करण्याचा माझा हेतू नाही. तथापि जलोदर हा पुष्कळदा यकृत निकामी होत चालल्याचे चिन्ह असतो, असे आजचे वैद्यक सांगते. आणि यकृताच्या रोगांवरील विसाव्या शतकातील संशोधनात या कथेची जवळजवळ पुनरावृत्ती घडली आहे. अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ असा पर्याय दिलेला आहे. मराठीत आणि कोंकणीतही आपण ‘काळीज’ म्हणतो तेव्हा मनात हृदय असते. पण जुन्या लोकव्यवहारात तोच शब्द यकृतालाही लावीत. त्या अर्थाने पाहू गेल्यास, पोटच्या पोराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणणारी आपली भाषा यकृताचीच उपमा देत आली आहे, असे म्हणता येईल.

१९५० च्या सुमारास काविळीविषयी वैद्यांना दोन गोष्टी साधारणपणे ठाऊक होत्या. एक कावीळ दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते. दुसरी रक्तातून आणि सुईतून. दुसरीचा भयंकर अनुभव अमेरिकेच्या सैन्याने १९४२ साली घेतला होता. पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तरस मिसळलेला होता, त्यातून रोग शिरला आणि सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने अंथरुणास खिळले. रोगाचे कारण विषाणू असावा हा तर्क पक्का होत चालला होता. पण तो विषाणू प्रयोगशाळेतील कोणत्याही पेशींत वाढेना आणि त्या वेळी हाताशी असलेल्या कोणत्याही प्राण्याला खात्रीने जडेना. म्हणजे ज्याला या रोगाचा अभ्यास करावयाचा त्याला एक माणूस हवा होता. कोणाचा तरी देह पणास लावल्यावाचून पुढे पाऊल पडणार नव्हते; तो कोणाचा, एवढाच प्रश्न उरला होता.

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर विलोब्रुक स्टेट स्कूल नावाची सरकारी संस्था होती. नाव शाळेचे, प्रत्यक्षात मतिमंद मुलांचे ते कोंडवाडावजा वसतिस्थान होते. सुमारे चार हजारांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत पुढे सहा हजारांवर जीव दाटीवाटीने राहत. शौचाचे भान नसलेली मुले, अपुरे सेवक, सर्वत्र घाण. अशा ठिकाणी कावीळ कायमची वस्तीला आली, यात नवल नाही. नव्याने दाखल होणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना वर्षाच्या आत तिचा संसर्ग होई. न्यूयॉर्क विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ डॉ. सॉल क्रुगमन यांनी या ठिकाणी १९५६ च्या सुमारास आपले प्रयोग सुरू केले. ते पुढे सुमारे पंधरा वर्षे चालले.

प्रयोगाची रीत थोडक्यात अशी. नव्याने येणारी काही मुले, बहुतेक तीन ते दहा वर्षांची, एका स्वतंत्र, स्वच्छ कक्षात ठेवावयाची. त्यांच्यातील काहींना गॅमा ग्लोब्युलिन हे संरक्षक द्रव्य टोचावयाचे, काहींना नाही. मग संस्थेतील रुग्णांच्या विष्ठेपासून काढलेला विषाणुयुक्त अर्क चॉकलेट घातलेल्या दुधातून त्यांना पाजावयाचा, किंवा रुग्णाच्या रक्तातील द्रव टोचावयाचा, आणि कोणाला केव्हा व किती कावीळ होते ते मोजावयाचे. शेकडो मुले या कक्षातून गेली. निष्कर्षही खरोखर महत्त्वाचे निघाले. १९६७ साली क्रुगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संस्थेतील काविळीचे दोन स्वतंत्र प्रकार वेगळे करून दाखविले. एकाचा सुप्तकाळ सुमारे एक महिन्याचा, दुसऱ्याचा याहून बराच अधिक. ते आपण आज ‘ए’ आणि ‘बी’ म्हणून ओळखतो. १९७१ मध्ये त्यांनी असेही प्रसिद्ध केले, की ‘बी’ प्रकारच्या रुग्णाचे रक्तद्रव पाण्यात मिसळून एक मिनिट उकळले तर त्याची रोग देण्याची शक्ती जाते, पण रोगापासून वाचविण्याची काहीशी शक्ती उरते. हे ताडून पाहण्यासाठी उकळलेले द्रव घेतलेल्या मुलांना नंतर न उकळलेले, जिवंत विषाणूचे द्रवही टोचले गेले.

हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री बीचर यांनी १९६६ साली आक्षेपार्ह वैद्यकीय प्रयोगांची बावीस उदाहरणे एका लेखात मांडली. त्यांत हे एक होते. १९७१ साली ब्रिटनमधील ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. स्टीफन गोल्डबी यांचे जळजळीत पत्र प्रसिद्ध झाले आणि संपादकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. दुसऱ्या बाजूस, १९८३ साली क्रुगमन यांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिकही मिळाले. १९९५ साली निधन होईपर्यंत आपण अनुचित असे काही केले, हे त्यांनी कधी मान्य केले नाही.

त्यांची कैफियत दुर्लक्षिण्याजोगी नाही. मी ती त्यांच्या वकिलाने मांडावी तशी मांडून पाहतो. ही मुले प्रयोगाविनाही आजारी पडणारच होती. लहान वयात ही कावीळ सौम्य असते. प्रयोगाच्या कक्षात त्यांना बाहेरच्या गोवर-अतिसारापासून संरक्षण मिळे, म्हणजे त्यांची अवस्था इतरांपेक्षा बरीच म्हणावी लागेल. आईबापांची लेखी संमती घेतलेली होती. आणि लाभ साऱ्या मानवजातीचा होता.

‘झालेच असते’ हा पहिला युक्तिवाद सर्वांत प्रबळ दिसतो आणि सर्वांत पोकळही तोच आहे. पूर आलेल्या नदीकाठी निजलेले मूल कदाचित वाहून गेलेच असते, म्हणून त्याला पाण्यात लोटणाऱ्याचा अपराध नाहीसा होत नाही. शिवाय पूर येथे निसर्गाचा नव्हता. घाण शासनाची, गर्दी शासनाची, आणि संस्थाही शासनाची. स्वच्छ, पुरेशा परिचारिका असलेला एक कक्ष उभारता येत होता, हे प्रयोगकर्त्यांनी स्वतःच सिद्ध केले. फक्त त्याचे प्रवेशमूल्य विषाणूच्या पेल्याने भरावयाचे होते. गॅमा ग्लोब्युलिनने काविळीचा जोर मोडतो हे १९४५ च्या सुमारासच कळलेले होते. ज्या वैद्याच्या हाती औषध आहे आणि समोर रोगाच्या वाटेवरचे मूल आहे, त्याचे कर्तव्य काय, हे सांगण्यास धर्मशास्त्र उघडण्याचीही गरज नाही.

सौम्यतेच्या बाबतीत नियतीने कैफियतीचा पुरावाच उलटविला. ‘ए’ प्रकारापुरते ते विधान खरे आहे. परंतु ‘बी’ प्रकारात लक्षणे सौम्य असली तरी बालवयात शिरलेला विषाणू पुष्कळदा आयुष्यभर ठाण मांडून बसतो. जन्मतः संसर्ग झालेल्या दहा अर्भकांपैकी सुमारे नऊ जणांत, तर प्रौढांपैकी शंभरात पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. त्यातूनच काही दशकांनी यकृत आकसते, किंवा त्यात कर्करोग उद्भवतो. हे त्या वेळी पूर्णपणे ठाऊक नव्हते, हे मान्य. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीला ‘सौम्य’ म्हणण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो?

उरला संमतीचा मुद्दा, आणि माझ्या मते सारे प्रकरण येथेच येऊन थांबते.

आईबापांना पाठविलेल्या पत्राची भाषा रोग देण्यापेक्षा रोग टाळण्याविषयीच अधिक बोलते, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की १९६४ च्या अखेरीस गर्दीमुळे संस्थेतील सर्वसाधारण प्रवेश बंद झाले असताना या प्रयोगकक्षात मात्र जागा होती, आणि तसे पालकांना कळविले जाई. घरी सांभाळता न येणारे मूल, दुसरी संस्था नाही, प्रतीक्षायादी लांबलचक, आणि पुढ्यात एक कागद. अजीगर्ताला शंभर गाई मिळाल्या होत्या. या आईबापांना एक खाट मिळाली. मी त्यांना अजीगर्ताच्या पंक्तीला बसवीत नाही. तो धार लावीत पुढे आला. हे हतबल होऊन मागे सरले. त्या कागदावरील सहीत आईबापांची गरज दिसते. मुलाचे हित त्यात शोधूनही सापडत नाही.

आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत वयात न आलेल्याला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाराच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील: अज्ञान पालन कर्ता. हा पालनकर्ता अज्ञानाच्या वतीने काय करू शकतो, याचा विचार हिंदू कायद्याने फार बारकाईने केलेला आहे. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या गाजलेल्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले, की अज्ञानाच्या मिळकतीवर बोजा चढविण्याचा व्यवस्थापकाचा अधिकार मर्यादित आहे. खरी गरज किंवा मिळकतीचे हित असेल तरच तो वापरता येईल. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आला. त्याच्या आठव्या कलमान्वये नैसर्गिक पालकाला, म्हणजे प्रत्यक्ष जन्मदात्यालाही, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकता वा गहाण ठेवता येत नाही. (गोमंतकात कुटुंबविषयक बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली असल्याने तेथील वाट वेगळी आहे.) विलोब्रुकमधील प्रयोगांचा आरंभही १९५६ च्या सुमाराचाच. मुलाच्या नावावरचे अर्धा एकर शेत बापाला परवानगीवाचून विकता येऊ नये, आणि मुलाचे यकृत मात्र त्याच्या एका सहीने रोगाला आंदण देता यावे, यातील विसंगती विधिवेत्त्यांना कशी खुपली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. देश निराळे आणि कायदे निराळे, हे खरे. पण पालकत्वाची कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे तत्त्व अधिक जवळून माहीत असेल. कायद्याच्या दृष्टीने देवही अज्ञानच. तो कधी सज्ञान होत नाही. त्याच्या मिळकतीचा सांभाळ दुसऱ्याने करावयाचा, आणि १८७५ साली प्रिव्ही कौन्सिलने सेवेकऱ्याच्या अधिकारालाही अज्ञानाच्या व्यवस्थापकाचीच मर्यादा लावली. देवाच्या जमिनीवर गावासाठी शाळा किंवा रस्ता व्हावा, हेतू कितीही चांगला असो, विश्वस्ताला ‘देव उदार आहे, तो नाही म्हणणार नाही’ एवढ्यावर जमीन देऊन टाकता येत नाही. देवाच्या वतीने उदार होण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही. स्वतःच्या खिशातून त्याने हवे तेवढे द्यावे. लहान मुलाच्या वतीने मानवजातीवर उपकार करणाऱ्या पालकाची आणि वैद्याची स्थिती याहून वेगळी कशी, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

स्वतःच्या खिशातून देण्याचेही एक उदाहरण याच शास्त्रात आहे, आणि त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले आणि सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांची हानी विशेष झाली. पाण्यातून आलेली म्हणून ती ‘ए’ प्रकारचीच, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने नव्या चाचण्यांनी तपासले गेले तेव्हा, १९८० साली, ही ‘ए’ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे, असे उघड झाले. हे संशोधन करणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ होते. जे रक्त रुग्णांकडून त्यांच्याच आजारात घेतलेले होते, ते पंचवीस वर्षे जपण्याचा संयम येथे कामी आला. कोणालाही नव्याने आजारी पाडावे लागले नाही.

पण विषाणू डोळ्यांना दिसलेला नव्हता. मॉस्कोतील विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांच्यापुढे अफगाणिस्तानातील सोव्हिएट सैनिकांत पसरलेली अशीच कावीळ आली. तेव्हा त्यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्राशन केला. ‘ए’ प्रकारची कावीळ त्यांना पूर्वी होऊन गेलेली होती, म्हणजे पुन्हा कावीळ झाल्यास ती निराळीच ठरणार होती. छत्तिसाव्या दिवशी ते आजारी पडले. त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले, आणि १९८३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आज त्याला ‘ई’ प्रकार म्हणतात. हा मार्ग सर्वांनी अनुसरावा असे मी म्हणणार नाही. एका माणसावरील प्रयोग शास्त्र म्हणूनही तोकडा असतो आणि वैद्याच्या घरच्यांनाही त्याची झळ पोहोचू शकते. मात्र पेला कोणाच्या ओठाला लागला, एवढ्यापुरता विलोब्रुकशी त्याचा विरोध डोळ्यांत भरतो.

येथे शिबिराजाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वातील कथा काळजीपूर्वक वाचली तर एक अवघड तपशील हाती लागतो. कपोताच्या बदल्यात स्वतःचे मांस देण्याचा विचार राजाला आधी सुचलेला नाही. त्याने प्रथम श्येनाला बैल, वराह, हरिण, रेडा असे काय हवे ते देऊ केले. त्याचे स्वतःचे मांस हवे, अशी अट श्येनाने घातली. म्हणजे इतक्या धर्मशील राजाचाही पहिला हात दुसऱ्याच्या देहाकडेच गेला होता. आपल्याकडे अथर्ववेदात काविळीवरचे एक सूक्त आहे. त्यात रोग्याच्या अंगावरील पिवळेपणा पोपटांवर जाऊन बसो, अशी प्रार्थना आहे. तीत मला फार मोठे मानसशास्त्र दिसते. दुःख नाहीसे होणे कठीण, ते कोठेतरी ठेवावे लागते. आणि ठेवण्यासाठी जो सर्वांत जवळचा, मुका आणि आपला नसलेला, तो माणसाला आधी दिसतो. सुदैवाने प्रार्थनेने पोपटांचे काही बिघडले नाही.

आता जे ज्ञान अशा रीतीने मिळाले त्याचे काय करावयाचे? ते टाकून द्यावे, असे म्हणणारे विद्वान आहेत. मला ते पटत नाही. ‘बी’ प्रकारची लस १९८१ साली निघाली, १९८६ साली किण्वपेशींत बनविण्याची अधिक निर्धोक रीत आली. १९९७ साली हैदराबादेतील शांता बायोटेक्निक्सने ती देशात बनवून तिची किंमत सामान्यांच्या आटोक्यात आणली. २०११ पर्यंत ती भारतातील सर्व राज्यांच्या बाललसीकरणात आली, आणि आज नवजात अर्भकाला शक्यतो चोवीस तासांच्या आत तिची पहिली मात्रा मिळते. या यशात विलोब्रुकचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. रक्तातील जो घटक या लशीचा पाया ठरला तो बारुख ब्लुमबर्ग यांनी या प्रयोगांशी संबंध नसताना शोधला होता, आणि लशीची निर्णायक चाचणी त्याच न्यूयॉर्क शहरात एक हजाराहून अधिक प्रौढ स्वयंसेवकांनी स्वखुशीने दिली, जिचा अहवाल १९८० साली आला. तेव्हा मुलांच्या वाटेवाचून दुसरी वाट नव्हती, हे म्हणणे टिकत नाही. तरीही त्या उकळलेल्या द्रवाचा दाखला या इतिहासात आहे, तो पुसता यावयाचा नाही.

मिताक्षरा पद्धतीत बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई. फक्त जुगार, व्यसन यांसाठी काढलेले ‘अव्यावहारिक’ ऋण त्याच्यावर बंधनकारक नसे. (२००५ च्या दुरुस्तीने पुढील ऋणांपुरते हे कर्तव्यच संपले.) कोणी म्हणेल, क्रुगमन यांचे ऋण अव्यावहारिक, आम्ही कशाला फेडावे? पण मिळकत ठेवून घेणाऱ्याच्या तोंडी ही सबब शोभत नाही. लस आम्ही घेतली आहे. ज्या मुलांच्या अंगातून तिचा काही अंश आला, त्यांच्यासारख्याच, म्हणजे आज बोलू न शकणाऱ्या, नाही म्हणू न शकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तरी आम्ही संमती या शब्दाचा अर्थ कडकपणे लावला पाहिजे. फेड होणार असेल तर ती एवढ्यानेच काही प्रमाणात होईल.

ती होत आहे असे निश्चिंतपणे म्हणता येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत २००९ पासून मुलींना प्रयोगादाखल देण्यात आली. लस चांगली आहे. तक्रार तिच्याविषयी नाही. परंतु खम्मममध्ये अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या, प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाची स्वतःची मान्यताही घ्यावयाची असते. नीतिसमितीवर एक विधिज्ञ असावा लागतो. अशाच एका समितीत मी काही वर्षे ते काम केले. माहितीपत्रकाची मराठी वाचताना ती कोणासाठी लिहिली आहे, असा प्रश्न मला दर वेळी पडे. ‘सहभागी व्यक्तीस संभाव्य प्रतिकूल घटनांचा अनुभव येऊ शकतो’ हे वाक्य ऐकून आजऱ्याकडचा एखादा शेतकरी काय समजेल? ‘तुमच्या मुलाला याने त्रास होऊ शकतो, आणि त्याला स्वतःला याचा उपयोग होईलच असे नाही’ असे लिहा, हा माझा आग्रह असे. अशा स्पष्ट वाक्याने पालक बिचकतात, असे मला उत्तर मिळे. बिचकले पाहिजेत, असे माझे म्हणणे होते व आहे.

याच्या उलट बाजूचे एक प्रकरणही सांगावयास हवे, नाहीतर पक्षपात होईल. आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने अज्ञानाला जिवंतपणी अवयवदान करण्यास अपवादात्मक परिस्थिती सोडता मनाई आहे. २०२२ च्या डिसेंबरात केरळ उच्च न्यायालयाने एका सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांसाठी यकृताचा भाग देण्याची परवानगी दिली. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे, हे खरे. पण निर्णयाचा आधार केवळ तो नव्हता. दुसरा दाता नव्हता, तज्ज्ञ समितीचे मत घेतले गेले, आणि मुख्य म्हणजे न्यायालयाचे दार त्या मुलीनेच ठोठावले होते. तिच्या वतीने दुसरा कोणी उदार झालेला नव्हता. अज्ञानाच्या इच्छेला कायद्याने किती मान द्यावा याविषयी मला स्वतःला अजून शंका आहेत. पण तिची इच्छा तिच्या तोंडून ऐकण्याची तसदी घेतली गेली, एवढे निश्चित.

विलोब्रुक १९८७ साली बंद झाले. त्याआधीच, १९७५ च्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर, तेथील मुलांना बाहेर आणून साध्या शाळांतून शिकविण्यास आरंभ झाला होता. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात ‘बी’ विषाणू कायमचा राहिला होता. तो प्रयोगातून आला की त्या घाणीतून, हे आता कोण सांगणार? न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळाने ठरविले, की अशा मुलांना इतरांपासून वेगळे काढावे, कारण ती धोकादायक आहेत. शुनःशेपाच्या कथेचा शेवटही असाच काहीसा आहे. पाश सुटल्यावर तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. अजीगर्ताने त्याला परत बोलाविले तेव्हा, तुमच्या हातातले शस्त्र सर्वांनी पाहिले आहे, असे सांगून त्याने जाण्याचे नाकारले. विश्वामित्राने त्याला पुत्र म्हणून घरात घेतले, पण त्याच्या एकशे एक मुलांपैकी थोरल्या पन्नासांना हा नवा भाऊ मान्य नव्हता. न्यूयॉर्कचा वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १९७९ साली निर्णय लागला, की धोक्याचा पुरेसा पुरावा मंडळाने दिलेला नाही आणि या मुलांना वर्गातून वेगळे काढता येणार नाही.